फोन उचलल्यावर काय म्हणायचं?

दोघा भागीदारांचा छापखाना होता. २२ वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून काढलेली, आणि शेवटची ३ वर्षं एकमेकांशी बोलणं फक्त नोटिशीतून. (तपशील बदललेत. ओळखायच्या भानगडीत पडू नका, चुकाल.) कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आणि ते माझ्या वाट्याला आलं. मशिनं कोणाची, येणी कोणी वसूल करायची, कर्ज कोणाच्या गळ्यात, जागा कोणाकडे, सगळं दोन तासांत मार्गी लागलं. वकील मंडळी घड्याळाकडे बघायला लागली होती. मीही मनाने घरी पोचलो होतो.

तेवढ्यात धाकट्याने विचारलं, "आणि फोन नंबर?"

छापखान्याचा जुना लँडलाइन. जागा थोरल्याकडे राहणार म्हणजे नंबरही त्याच्याकडेच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. धाकटा म्हणाला, नंबर मला पाहिजे. थोरला म्हणाला, एक वेळ कटिंग मशीन उचलून ने, नंबर मिळणार नाही. बघता बघता जुळत आलेलं सगळं उसवायला लागलं. धाकटा कर्जाचा मुद्दा पुन्हा उकरून काढतोय, थोरल्याला अचानक आठवतंय की येण्यांच्या यादीत दोन नावं राहिलीत.

मी नवशिक्यासारखा तोडगा सुचवून बसलो. सहा महिने फोन धाकट्याकडे वळवायचा, मग थोरल्याकडे. दोघांनी एका सुरात नाही म्हटलं. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं एकमत, आणि ते माझ्याविरुद्ध.

मग धाकट्याला घेऊन दुसऱ्या खोलीत बसलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही नाही. (असं गप्प बसायला शिकण्यात माझी काही वर्षं गेली आहेत.) मग म्हणाला, "माझी गिऱ्हाइकं त्या नंबरवर फोन करतात आणि माझं नाव घेतात. उद्या करतील तेव्हा तिथला पोरगा काय सांगणार? मी पैसे खाऊन पळालो म्हणून?"

नंबर त्याला नकोच होता. त्या नंबरवरून आपल्याबद्दल काय बोललं जाणार, ते त्याला ठरवायचं होतं.

त्याची परवानगी घेऊन हे थोरल्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी असं कशाला सांगेन?" आणि जरा वेळाने, "पण मग काय सांगायचं?" दोघांना परत एका टेबलाशी बसवलं आणि आम्ही वाक्य बनवायला घेतलं. "ते आता इथे नसतात." धाकटा उखडला, नसतात म्हणजे काय, मेलो की काय मी? "ते सोडून गेले." मी सोडलेलं नाही. "ते वेगळे झाले." आता थोरल्याची पाळी: कोण कोणापासून वेगळं झालं याच्याशी गिऱ्हाइकाला काय करायचंय? ४० मिनिटं आम्ही सहा मोठी माणसं एका वाक्यावर बसलो होतो. शेवटी ठरलं: "ते आता स्वतःचा व्यवसाय बघतात, त्यांचा नंबर लिहून घ्या." करारनाम्यात ते कलम ११ म्हणून गेलं, अवतरणचिन्हांसकट. त्याच्यानंतर येण्यांच्या यादीतली राहिलेली दोन नावं दोन मिनिटांत बसली.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण मध्यस्थी म्हणजे काय असं कोणी विचारलं की मला व्याख्या आठवत नाही, ते वाक्य आठवतं. जगातल्या कुठल्याही न्यायाधीशाने फोनवर काय बोलायचं हे निकालात लिहून दिलं नसतं. त्यात त्यांचा दोष नाही. दाव्यात जी मागणी केली असेल तिच्यावरच कोर्ट बोलणार, आणि "माझ्याबद्दल वाईट बोलू नका" ही मागणी लिहून द्यायला दोघांपैकी एकालाही लाज वाटली असती. तीन वर्षांच्या कागदांत ती कुठेही नव्हती. मी शोधली.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला ती पूर्ण पटत नाही. बहुतेकदा ही म्हण ज्याचं नुकसान झालंय त्यालाच ऐकवली जाते, ज्याने केलं त्याला नाही. 'जाऊ दे ना, मिटवून टाक' म्हणणाऱ्याचं स्वतःचं काहीच जात नसतं. तेव्हा कोर्ट पाहिजेच. पण निकाल लागला म्हणजे भांडण संपलं, ही आपली समजूत मात्र भाबडी आहे.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात झणझणीत उदाहरण दोन देशांचं आहे. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला बीगल सामुद्रधुनी आहे. तिथल्या पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा या तीन बेटांवरून चिली आणि अर्जेंटिना कित्येक दशकं भांडत होते. १९७१ मध्ये दोघांनी रीतसर लवाद मान्य केला. १९७७ मध्ये निवाडा आला: बेटं चिलीची. कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने निवाडाच धुडकावला, आणि त्या डिसेंबरात दोन्हीकडची आरमारं युद्धाच्या तयारीने समुद्रात होती. पोप दुसरे जॉन पॉल यांना पदावर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी कार्डिनल अँतोनियो सामोरे यांना मध्यस्थ म्हणून पाठवलं. पुढे सहा वर्षं ते चाललं. सामोरे १९८३ मध्ये वारले, करार बघायला ते राहिले नाहीत. २९ नोव्हेंबर १९८४ ला व्हॅटिकनमध्ये सह्या झाल्या.

त्या करारात बेटं कोणाला मिळाली? चिलीलाच. म्हणजे लवादाने दिलं होतं तेच. फरक हा की अर्जेंटिनाची खरी धास्ती समुद्राची होती. बेटांच्या आधारे चिली अटलांटिकमध्ये हातपाय पसरेल ही. समुद्रातली हद्द आणि जहाजांचे हक्क यांची नीट बोलणी झाली, आणि मग तीच बेटं, तोच मालक गिळता आला. बेट म्हणजे त्यांचा फोन नंबर होता, असं मी प्रशिक्षणात सांगतो. लोक हसतात, पण लिहून घेतात.

इथे एक घोळ निस्तरतो, कारण शिकलेली माणसंही तो करतात. लवाद आणि मध्यस्थ एक नव्हेत. लवाद दोन्ही बाजू ऐकून निवाडा देतो आणि तो पाळावा लागतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. त्याला द्यायचा अधिकारच नाही. तुम्ही उठून जाऊ शकता, तो अडवू शकत नाही. तिथे जे बोललात ते उद्या कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही, आणि वेगळ्या खोलीत त्याला जे सांगितलंत ते तुमच्या परवानगीशिवाय पलीकडच्या खोलीत जात नाही. माणूस मोकळा होतो तो या दोन कुलपांमुळे. आणि हो, मांडवली वेगळी. मांडवलीत ज्याचा वट जास्त त्याचं ऐकायचं असतं.

पक्षकार पहिल्या तासात हमखास विचारतात, "तुम्हीच सांगा साहेब, बरोबर कोण?" माझ्या मनात उत्तर असतं, नाही असं नाही. ते गिळून बसणं हेच निम्मं काम.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंनी १९२५ मध्ये आपल्या एका व्याख्यानात स्वतःचा साधासा प्रसंग सांगितला होता. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, त्यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, यांच्या अंगावर थेट वारा आला नाही. शंभर वर्षं हे उदाहरण सगळे वापरतात आणि बहुतेक जण त्यातली मेख विसरतात. "खिडकी का उघडायची?" हे कोणीतरी विचारलं म्हणून ते सुटलं. आपण विचारतो "किती उघडायची?" आणि अर्धी उघडून दोघांनाही नाराज करतो. त्याला तडजोड म्हणतो, आणि मग तडजोड या शब्दालाच नावं ठेवतो.

बरं, चांगला तोडगा असला तरी तो कोणाच्या तोंडून येतो यावर बरंच अवलंबून असतं. १९८० च्या दशकात स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन लोकांना अण्वस्त्रकपातीचा एक प्रस्ताव दाखवला. काहींना सांगितलं हा त्यांचेच अध्यक्ष रेगन यांचा आहे, काहींना सांगितलं सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा. मजकूर तोच. रेगन यांचा म्हटल्यावर बहुतेकांना बरा वाटला, गोर्बाचेव्ह यांचा म्हटल्यावर निम्म्याहून जास्त लोकांना तो रशियाच्याच फायद्याचा दिसला. मी हे रोज बघतो. नवऱ्याने थेट सांगितलेला आकडा बायको झटक्यात उडवते. तोच आकडा अर्ध्या तासाने मी "असा काही विचार झाला तर?" म्हणून समोर ठेवला की ती वहीत लिहून घेते. आकड्याच्या अंगाला शत्रूचा वास येत असतो, तो वास घालवायला तिसरं माणूस लागतं.

सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अमेरिकन अध्यक्षांच्या विश्रामस्थळी, हेच झालं. १३ दिवस. पहिल्या दोन-तीन दिवसांत इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांचं असं वाजलं की पुढे अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर त्या दोघांच्या निवासांमध्ये कागद घेऊन येरझाऱ्या घालत राहिले. मसुद्यावर मसुदे, वीसच्या वर. आणि शेवटच्या दिवशी सगळं अडलं कशावर? जेरुसलेमबद्दल अमेरिका जे पत्र देणार होती त्याच्या शब्दांवर. बेगिन निघायच्या तयारीत होते. त्यांनी आपल्या नातवंडांसाठी सह्या केलेले फोटो मागितले होते. कार्टर यांनी प्रत्येक फोटोवर एकेका नातवंडाचं नाव घातलं आणि स्वतः घेऊन गेले. बेगिन एकेक नाव वाचत गेले आणि त्यांचा आवाज भरून आला. ही गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात, जणू फोटोंनीच शांतता आणली. पण पत्राचे शब्दही बदलावे लागले: अमेरिकेची भूमिका सविस्तर लिहिण्याऐवजी, ती पूर्वी संयुक्त राष्ट्रांत मांडली होती तीच आहे, एवढंच म्हटलं गेलं. फोटोंमुळे माणूस खोलीत थांबला. करार झाला तो वाक्य बदलल्यावर.

घरात यातलं काय चालतं? माझ्या अनुभवात, फारसं नाही. बायकोशी वाद झाला की मी सवयीने म्हणतो, "म्हणजे तुझं म्हणणं असं की..." ती म्हणते, "माझंच बोलणं मला परत वाचून दाखवू नकोस." बरोबर आहे तिचं. जो स्वतः भांडणात आहे त्याने मध्यस्थाचा सदरा घातला की तो शुद्ध लबाड दिसतो. घरात मला एकच गोष्ट उपयोगी पडलेली आहे: भांडणाच्या भरात 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द तोंडात आले की पाणी प्यायला उठायचं. 'वरच्या मजल्यावरून खुर्च्यांचा आवाज येतो' ही तक्रार आहे. 'तुम्ही नेहमीच असं करता' हा समोरच्याच्या चारित्र्यावरचा निकाल आहे, आणि निकालावर माणूस अपील करणारच.

आता ज्याच्यामुळे मी या कामाबद्दल उठसूट गोडवे गात नाही, ते. एका कौटुंबिक वाटणीत एक बाई होत्या. प्रत्येक मुद्द्याला मान हलवायच्या. मला वाटलं, किती समजूतदार. दुपारपर्यंत सगळं संपलं, सह्या झाल्या, मी स्वतःवर खूश. जाताना जिन्यात त्यांनी मला विचारलं, "नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. मी वकिलांशी बोलून मध्यस्थी पुन्हा उघडता आली तेवढी उघडली, पण मुळात तो होकार मी होकार धरला ही चूक माझी. जो घाबरलेला आहे त्याच्यासाठी "स्वखुशीने" या शब्दाला काही अर्थ नसतो. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंना एकत्र बसवायच्या आधी एकेकाला वेगळं भेटतो, आणि मारहाण, धमकी, डांबून ठेवणं असा वास जरी आला तरी प्रकरण परत पाठवतो. तिथे समेट नको, संरक्षण हवं. जिथे एखाद्या निकालाने हजारो लोकांचा हक्क ठरणार आहे तिथेही बंद दारामागे गुपचूप मिटवणं मला पटत नाही.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरंच बदललीय. लवादाचा निवाडा परदेशात लागू करायची सोय १९५८ च्या न्यूयॉर्क करारापासून आहे. मध्यस्थीतून झालेल्या व्यापारी समेटाला तसं काही नव्हतं. समोरच्याने शब्द फिरवला की नव्याने दावा लावा. सिंगापूर करार त्यासाठी झाला. ७ ऑगस्ट २०१९ ला पहिल्याच दिवशी ४६ देशांनी सह्या केल्या आणि १२ सप्टेंबर २०२० पासून तो अमलात आला. म्हणजे साठ वर्षं उशीर. समेट हा खटल्याचा गरीब नातेवाईक आहे, असं आम्हा वकिलांनाच इतकी वर्षं वाटत होतं, त्याचा हा हिशेब.

छापखान्याचं राहिलं. सहा-सात महिन्यांनी मला लेटरहेड छापून घ्यायची होती. खरं तर मला खाज होती. मध्यस्थाने असं करू नये, पण केलं. जुन्या नंबरवर फोन लावला आणि धाकट्याचं नाव घेतलं. पलीकडे कोणीतरी पोरगा होता. पाठ केल्यासारखं म्हणाला, "ते आता स्वतःचा व्यवसाय बघतात, त्यांचा नंबर लिहून घ्या." आणि नंबर सांगायला लागला.

मागून थोरल्याचा आवाज आला, "अरे, शेवटी सात आहे, चार नाही!"