वही गोदामात ठेवत नसतात

लातूर-नांदेडकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलींना ठावठिकाणा नाही, पॅकेज (सॉफ्टवेअरचा बसवायला तयार गठ्ठा) बनवणारे मूळ लेखकाने ठरवलेली जागा मनमानी बदलतात, अपडेट मारलं की सेटिंग उडते, त्यापेक्षा प्रत्येक सॉफ्टवेअरचं सगळं त्याच्याच एका फोल्डरात ठेवा.

ठावठिकाणा नाही हे साफ खोटं. फाइलींच्या मांडणीचा लेखी नियम 1994 पासून आहे, 2015 साली त्याची 3.0 आवृत्ती आली. त्या मशीनपुरती सेटिंग /ईटीसी या फोल्डरात, /ऑप्टमध्ये टाकलेल्या जादा सॉफ्टवेअरची /ईटीसी/ऑप्टमध्ये. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात तर पॅकेजची कॉन्फिग फाइल /ईटीसीतच हवी, अशी सक्तीच आहे.

मनमानीचं म्हणाल तर जागा निवडायची सोय बहुतेक वेळा मूळ लेखकानेच करून ठेवलेली असते. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, प्रोग्राम बनवताना (कम्पाइल करताना) आधी चालवायच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला 'सिसकॉन्फडिर' नावाचा पर्याय असतो. काहीच सांगितलं नाही तर फाइली /यूएसआर/लोकल/ईटीसीत जातात, कारण हाताने कम्पाइल केलेल्या मालाची जागा /यूएसआर/लोकल. पॅकेज बनवणारा तिथे /ईटीसी भरतो, एवढंच. दार लेखकाचं, कडीही त्याचीच. ती काढली म्हणून घरफोडी होत नाही.

आता 'सगळं एका फोल्डरात'. परभणीच्या एका लॅबमध्ये मी अख्खी दुपार अपाची या वेब सर्व्हरच्या, /ईटीसी/अपाची2 मधल्या, फाइली बदलत बसलो होतो. ब्राउझरमध्ये पान जुनंच. रीस्टार्ट करताना 'पोर्ट 80 आधीच कुणीतरी धरलाय' (पोर्ट 80 म्हणजे वेब सर्व्हरचा नेहमीचा दरवाजा) अशी तक्रार येत होती, ती मी वाचलीच नाही, हा माझा गाढवपणा. शेवटी चालू प्रोसेस पाहिल्या, तर उत्तर देत होता /यूएसआर/लोकल/अपाची2 मधला दुसराच अपाची. आधीच्या माणसाने सोर्सवरून चढवलेला. प्रोग्राम, लॉग, सेटिंग, सगळा संसार त्याच फोल्डरात. मेसेजवाल्याला हवा तस्साच! तो काढताना फोल्डर उडवलं असतं तर त्याची सेटिंगही गेली असती. मोंढ्यातला कोणताही आडत्या माल गोदामात आणि वही गादीवर ठेवतो. माल बदलला म्हणून वही फेकत नाही. प्रोग्राम पॅकेजचा, वही मशीनच्या मालकाची.

म्हणूनच अपडेटने सेटिंग उडते हेही सरसकट खरं नाही. फाइल तुम्हीही बदललेली आणि नव्या पॅकेजमध्येही बदललेली असेल, तर डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम डीपीकेजी थांबून विचारतो: तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या तशाच प्रोग्राममध्ये, आरपीएममध्ये, फाइलीवर 'नोरिप्लेस' खूण असेल तर तुमची जागेवर राहते, नवी शेजारी '.आरपीएमन्यू' म्हणून पडते. फाइल नुसती कॉन्फिग म्हणून नोंदलेली, पण ती खूण नसेल तर मात्र नवी बसू शकते आणि तुमची '.आरपीएमसेव्ह' होऊन बाजूला जाते. तेव्हाही ती पुसली जात नाही.

एक गोष्ट मेसेजवाल्याची मान्य. डेबियनमध्ये /ईटीसी/अपाची2, रेड हॅटमध्ये /ईटीसी/एचटीटीपीडी. पोस्टग्रेस या डेटाबेसची फाइल डेबियनमध्ये /ईटीसीत, तर रेड हॅटकडे डेटाच्याच फोल्डरात. डोकं उठतं, खरंय. पण शोधायला दुपार लागत नाही. रेड हॅटवर 'आरपीएम -क्यूसी' पुढे पॅकेजचं नाव टाका, यादी येते. पोस्टग्रेसला आतूनच 'शो कॉन्फिग_फाइल' म्हणून विचारा, तो पूर्ण पत्ता सांगतो.