स्किल्सच्या त्या चार ओळींनी डोक्याला शॉट लावलाय

सीव्हीतलं बाकी सगळं लिहून होतं हो. कुठे काम केलं, कधीपासून कधीपर्यंत केलं, शिक्षण काय, हे जे घडलंय ते घडलंय, त्यात डोकं चालवायचं काही कारणच नसतं. पण टेक्नॉलॉजीतल्या नोकरीसाठी सीव्ही करायला बसलं की त्या स्किल्सच्या चार ओळींवर अख्खी संध्याकाळ जाते, आणि एवढं करून शेवटी पानावर जे उरतं त्यात आपण दिवसभर नक्की काय काम करतो याचा पत्ताच नसतो. नुसती भाषांची आणि टूल्सची नावं एकापुढे एक. जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट, डॉकर, कुबर्नेटिस, काफ्का. ही यादी माझी आहे की शेजारच्या टेबलावरच्या माणसाची आहे हे मला स्वतःलाही ओळखू येणार नाही इतकी ती कोणाचीही असू शकते.

मला संताप याचा येतो की हे सेक्शन लिहायचं कोणासाठी हेच कोणी धड सांगत नाही. ते आधी वाचतं एक सॉफ्टवेअर, मग वाचतो रिक्रूटर, आणि नशिबाने तिथवर पोचलंच तर मग इंजिनिअर. आणि या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी हव्यात, एकमेकांच्या उलट्या, आणि तिघांचं समाधान आपण त्याच चार ओळींत करायचं.

आधी ते सॉफ्टवेअर घ्या, एटीएस म्हणतात ते, आलेले सीव्ही वाचून चाळणारं. तुम्ही दोन कॉलमची छान पीडीएफ बनवा, डावीकडे स्किल्स उजवीकडे अनुभव, माणसाला वाचायला एकदम सोपी. त्यातलं मजकूर काढणारं यंत्र भंगार असेल तर ते सरळ आडवं वाचत जातं आणि डावीकडचं अर्धं वाक्य उजवीकडच्या अर्ध्या वाक्याला चिकटवून टाकतं, की झालं, तुमचा अनुभवही गेला आणि स्किल्सही गेली. मग सगळे सांगतात एकच कॉलम ठेव, टेबल नको, आयकॉन नको. बरं, ठेवला. आता शब्द कोणते लिहायचे? रोजच्या बोलण्यात एका डेटाबेसला आम्ही सगळे पोस्टग्रेस म्हणतो पण जाहिरातीत पोस्टग्रेएसक्यूएल असं पूर्ण नाव असतं, कुबर्नेटिसला लिहिताना सगळे केएट्स लिहितात, जावास्क्रिप्टला जेएस. काही सिस्टिमना हे एकच आहे हे कळतं, काहींना कळत नाही, आणि समोरच्या कंपनीकडे कुठली आहे हे अर्ज करणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही. म्हणून मग एकाच गोष्टीची दोन्ही नावं लिहायची. आणि ते इंजिनिअरने वाचलं की तो म्हणणार हिला एवढंही माहीत नाही का हे दोन्ही एकच आहे.

आणि हे काही फक्त माझं रडगाणं नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचरने २०२१ मध्ये एक अहवाल काढला होता, त्यासाठी कंपन्यांनाच विचारलं होतं, आणि त्यातल्या ८८ टक्के कंपन्यांनी स्वतःच्या तोंडाने मान्य केलं की चांगली कौशल्यं असलेले लायक उमेदवार निव्वळ जाहिरातीतल्या निकषांशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून आमच्या सिस्टिममधून बाहेर फेकले जातात. म्हणजे यांना माहिती आहे! माहिती असून चाळणी तीच, भोकं तीच, आणि वर पुन्हा सगळीकडे ओरड की चांगली माणसं मिळत नाहीत. मिळतील कशी? तुम्ही त्यांना दारातच हाकलताय.

मग रिक्रूटर. लॅडर्स नावाच्या नोकऱ्यांच्या साइटने २०१८ मध्ये रिक्रूटरची नजर सीव्हीवर कशी फिरते ते मोजलं होतं तर पहिल्या नजरेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात असं निघालं. त्यांच्यावर कामाचा ढीग असतो ते मला मान्य आहे, प्रत्येक तांत्रिक गोष्ट त्यांना कळावी अशीही अपेक्षा नाही. पण मग त्यांच्या हातात जी यादी दिलेली असते ती तरी शहाण्या माणसाने बनवा ना. अमुक फ्रेमवर्क ५ वर्षं, तमुक टूल ४ वर्षं. ही वर्षं कुठून काढतात? फास्टएपीआय नावाचं पायथनचं फ्रेमवर्क ज्याने बनवलं त्या सेबास्टियन रामिरेझने २०२० मध्ये ट्विट केलं होतं की एका जाहिरातीत फास्टएपीआयचा ४ वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय आणि मला अर्ज करता येत नाही, कारण ते बनवूनच मला दीड वर्ष झालंय. लोकांनी ते हसून शेअर केलं आणि विसरून गेले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण तो निदान बोलू शकला, बाकीच्यांचे अर्ज अशाच आकड्यांवर गुपचूप कचऱ्यात जातात आणि का गेले हे कोणी सांगतही नाही.

आणि वर्षं मोजून कळतं काय? एखादा माणूस ५ वर्षं डॉकर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका पॅकेजात बांधून चालवायचं टूल) वापरतो म्हणजे ५ वर्षं दुसऱ्याने लिहिलेल्या फाइलवर त्याच तीन कमांड मारतो असंही असू शकतं, आणि दुसरीने ६ महिन्यांत इमेजचा, म्हणजे त्या पॅकेजचा, आकार निम्म्यावर आणलेला असू शकतो. स्किल्सच्या ओळीत दोघांचंही डॉकर. जाहिरातीच्या हिशोबाने तर पहिलाच भारी.

आता तिसरा, इंजिनिअर. हा माझ्याच जातीचा माणूस, म्हणून याच्यावर जास्त राग आहे. याचा नियम एकच, कागदावर जे लिहिलंय ते सगळं तुला मुळापासून आलंच पाहिजे. मी कुबर्नेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर असे प्रोग्राम चालते ठेवणारी सिस्टिम, लिहू की नको यावर मी किती डोकं खाल्लंय ते माझं मला माहीत. मी त्याच्यावर रोज काम करते. आमची एक जावाची सर्व्हिस सारखी रिस्टार्ट होत होती, पॉडसमोर (कुबर्नेटिस प्रोग्राम ज्यात चालवतं ते) क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे पडतंय, उठतंय, पुन्हा पडतंय, लॉगमध्ये एक चकार शब्द नाही, मग डिस्क्राइब कमांड देऊन पाहिलं तर शेवटच्या वेळी ओओएमकिल्ड, एक्झिट कोड १३७. म्हणजे मेमरी संपली म्हणून बाहेरूनच मारलेलं. कारण कोणीतरी हीपचा, म्हणजे प्रोग्रामच्या डेटासाठी राखलेल्या मेमरीचा, आकार आणि सर्व्हिस ज्या डब्यात चालते त्या कंटेनरची मेमरी लिमिट दोन्ही सारखंच ठेवलं होतं, आणि जेव्हीएमला, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेला, हीपच्या बाहेरही मेमरी लागते, थ्रेड्सना लागते, क्लासेसच्या माहितीला लागते, ती आणायची कुठून? हे शोधलं, हीप खाली आणला, सर्व्हिस शांत झाली. हे मला येतं. पण क्लस्टर, म्हणजे त्या सर्व्हरचा अख्खा संच, मी स्वतः शून्यापासून कधी उभा केलेला नाही, ते प्लॅटफॉर्म टीमचं काम. तर मग कुबर्नेटिस मला येतं की येत नाही? लिहिलं तर मुलाखतीत पहिला प्रश्न ईटीसीडीचा, म्हणजे क्लस्टरची सगळी नोंद जिथे राहते त्या डेटाबेसचा, बॅकअप कसा घ्याल आणि नाही सांगता आलं की समोरच्याचा चेहरा असा की बाई थापा मारते. नाही लिहिलं तर ते सॉफ्टवेअर मला मुलाखतीपर्यंत पोचूच देत नाही. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय!

यावर कोणीतरी उपाय काढला, पातळी लिहा. मग आल्या त्या पट्ट्या आणि ते तारे. पायथन ८० टक्के. कशाच्या ८० टक्के? उरलेलं २० टक्के काय आहे आणि ते कोणाकडे आहे? सी प्लस प्लसचं नवं स्टँडर्ड २०११ पासून दर तीन वर्षांनी येतंय, ११, १४, १७, २०, २३, मग दर तीन वर्षांनी माझी पट्टी आपोआप मागे सरकते का? तरीही प्रत्येक टेम्प्लेटमध्ये या पट्ट्या असतात, दिसायला रंगीत म्हणून, आणि पट्टी हे चित्र असल्यामुळे ती यंत्राला वाचताही येत नाही. शिवाय जो खोलात उतरलाय त्याला अजून किती बाकी आहे ते दिसत असतं, तो स्वतःला बिचकत तीन तारे देतो. ज्याने परवा एक व्हिडिओ बघितला तो पाच देऊन मोकळा होतो.

एसक्यूएलचं तर बोलूच नका. डेटाबेसशी बोलायची ही भाषा १९७० च्या दशकातली, एएनएसआय या अमेरिकन संस्थेचं स्टँडर्ड १९८६ मध्ये झालं, अजून अर्धं जग तिच्यावर चालतंय, आणि सीव्हीमध्ये तिला जागा किती, एक शब्द. ज्याला फक्त सिलेक्ट स्टार, म्हणजे टेबलातलं सगळं काढणं, येतं त्याचाही तोच शब्द. आणि जिने एक्सप्लेन लावून, म्हणजे क्वेरी कशी चालते ते डेटाबेसलाच विचारून, शोधून काढलं की ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आहे पण क्वेरीत कोणीतरी लोअर लावून, म्हणजे सगळी अक्षरं स्मॉल करून, तुलना केलीये म्हणून पोस्टग्रेस तो इंडेक्स वापरतच नाही आणि दर लॉगिनला अख्खं टेबल चाळत बसतंय, मग लोअर लावलेल्या ईमेलवरच वेगळा इंडेक्स बनवला आणि लॉगिन पुन्हा पटकन व्हायला लागलं, तिचाही तोच शब्द.

लोक म्हणतात हे सगळं अनुभवाच्या भागात लिही. लिहिलंय की! पण तो भाग वाचायला कोणीतरी तिथपर्यंत आलं पाहिजे ना, आणि तिथपर्यंत यायचं की नाही हे ठरतं या नावांवर. आणि जी खरी कामं आहेत त्यांना नावच नाहीये. दहा माणसांच्या हातून गेलेला, एकही कमेंट नसलेला जुना कोड वाचून त्यात काय चाललंय ते समजून घेणं. वापरात असलेल्या डेटाबेसमधला कॉलम सिस्टिम बंद न करता बदलणं, म्हणजे आधी नवा कॉलम टाका, मग दोन्हीकडे लिहा, मागचा डेटा हळूहळू भरा, मग वाचणं नव्यावर न्या आणि शेवटी धीर करून जुना काढा. हे करताना जो माणूस घाम न फुटता उभा राहतो तो मला माझ्या टीममध्ये हवाय. याला कीवर्ड काय लिहायचा? तिथे जाऊन लोक लिहितात प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, टीम प्लेअर, गुड कम्युनिकेशन. जगात असा कोण आहे जो लिहील की मला लोकांशी बोलता येत नाही?

या सगळ्यात फावतं कोणाचं तर फेकणाऱ्यांचं. जाहिरातीतले शब्द उचलायचे आणि जसेच्या तसे चिकटवायचे, आता तर ते करून द्यायला एआय आहेच, काही जण पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवून ठेवतात म्हणजे यंत्राला दिसावे आणि माणसाला दिसू नयेत. हे पुढे जातात. आणि जिने विचार केला की हे मला नीट येत नाही, राहू दे, ती बाहेर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. लिंक्डइनने २०१२ मध्ये ते एंडॉर्समेंट, म्हणजे दुसऱ्याच्या स्किलला दुजोरा द्यायचं बटण, आणलं तेव्हाही तेच झालं, ज्यांनी माझा एक ओळ कोड बघितलेला नाही ते लोक माझ्या स्किल्सवर बटण दाबून गेले.

सगळ्यात वाईट मला नव्या पोरापोरींचं वाटतं. पहिली नोकरी, आणि जाहिरातीत जावा, स्प्रिंग, अँग्युलर, एडब्ल्यूएस, डॉकर, कुबर्नेटिस, काफ्का, जेनकिन्स, टेराफॉर्म. एका माणसाला हे सगळं नीट यायला कितीतरी वर्षं जातात आणि तुम्ही हे फ्रेशरला मागताय? एका मुलीचा सीव्ही मी बघून दिला, स्किल्समध्ये पानभर नावं होती, तिला विचारलं यातलं खरंच काय आवडतं तर म्हणाली सी, आणि मग ती पॉइंटर आणि मेमरीबद्दल इतकं सुंदर बोलली, तिने स्वतःचा छोटासा मेमरी अ‍ॅलोकेटर, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा कोड, लिहिला होता घरी बसून. तो सीव्हीमध्ये नव्हता. कारण तिला वाटलं जाहिरातीत कुठेच मागितलेला नाही! तिथे काफ्का होतं, जे तिने एकदाही चालवलेलं नव्हतं. एवढ्या हुशार मुलीला पहिल्याच पायरीवर खोटं बोलायला लावणारी ही पद्धत आहे आणि वर हेच लोक म्हणणार की आजकालची मुलं सीव्हीमध्ये काहीही लिहितात.

जुन्या लोकांचंही तेच. अँग्युलरजेएस हे वेबसाठीचं फ्रेमवर्क आलं २०१० मध्ये, २०१६ मध्ये अँग्युलर पुन्हा नव्याने लिहिलं, दोन्हींत नाव सोडून फारसं काही सारखं नाही, जुन्याचा सपोर्ट २०२१ संपताना बंद झाला. आता जुन्यावर घासलेल्या माणसाने काय करायचं? लिहिलं तर मागासलेला, काढलं तर मधली चार-पाच वर्षं काय करत होतास. त्याने तिथे शिकलेलं सगळं वाया गेलं असं धरून चालायचं का?

कंपन्यांना एवढंच करायचंय, पहिल्या दिवसापासून लागणाऱ्या दोन-तीनच गोष्टी मागा आणि बाकीचं आम्ही शिकवू असं स्पष्ट लिहा. आणि मुलाखत घेणाऱ्यांनो, हे येतं का असं विचारण्याऐवजी हे तुम्ही कुठे वापरलं ते सांगा असं विचारा, पाच मिनिटांत समजेल समोरचा किती पाण्यात आहे.

मी माझ्यापुरते तीन भाग केलेत. रोज वापरते ते, आधी वापरलंय पण आता हात बसलेला नाही ते, आणि चालवता-दुरुस्त करता येतं पण उभं केलेलं नाही ते. याच्याइतकं खरं मला लिहिता येत नाही. आणि हा सीव्ही अपलोड केला की पुढच्या पानावर तेच सगळं पुन्हा भरायला फॉर्म येतो, त्यात स्किल्सचा एकच चौकोन, जावा टाइप केलं की यादीतून आपोआप जावास्क्रिप्ट निवडलं जातं, आणि प्रत्येक नावापुढे बिगिनर, इंटरमिजिएट, एक्स्पर्ट यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं बटणच चालू होत नाही.