हसणारा प्राणी केवळ माणूसच नव्हे : एक खुलासा

‘विनोद फक्त माणसालाच कळतो, म्हणून हसणारा प्राणीही एकटा माणूसच’ असा संदेश सध्या फिरत आहे. मीही तो गेल्या आठवड्यात पुढे पाठवला होता, आणि ती माझी चूक होती.

शब्दांवरची कोटी माणसापुरतीच असेल, परंतु हसणे तिच्याहून फार जुने आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि मानवी बाळे यांना गुदगुल्या करून त्यांचे आवाज ताडून पाहिले, तेव्हा त्या आवाजांतील साम्य त्यांच्या जनुकीय नात्यानुसारच उतरत गेलेले आढळले. मेंदूशास्त्रज्ञ याक पांक्सेप यांना तर गुदगुल्या केलेल्या उंदरांचे सुमारे ५० किलोहर्ट्झचे चीत्कार नोंदवता आले. आपले कान जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतात.

शिवाय हसण्यामागे विनोद असतोच असे नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या सहज गप्पांतील सुमारे १,२०० हास्यप्रसंग टिपले, तेव्हा हसण्याआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के वाक्येच थोडीफार विनोदी निघाली. उरलेली अगदी साधी होती, आणि श्रोत्यांपेक्षा बोलणाराच अधिक हसत होता (हे आपल्यालाही पटण्यासारखे आहे).

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच ठिकाणी हा खुलासाही द्यावा.