तीन तिघाडा

कानाच्या आत म्हणे शरीराचा तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते, ती माझ्यावर रुसली. मान वळवली की घर फिरायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, चक्कर पूर्ण थांबेपर्यंत दुचाकी बंद, सायकलसुद्धा नाही. मी तोंड पाडून घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, मग तीन चाकी घ्या की, मोठ्यांचीपण मिळते आता." मुलगी एवढी हसली की तिलाच ठसका लागला.

तर आली ती सायकल. मागे दोन चाकं, मध्ये टोपली, पुढे एक चाक. पहिल्याच दिवशी कळलं की ती फाटकातून सरळ जात नाही, तिरकी करून, मागचं उचलून, एकाने पुढून ओढून न्यावी लागते, म्हणजे कपाट हलवतात तसं.

मला वाटलेलं हिच्यात शिकायचं काय, पोरं चालवतात. पण पोरांना दुचाकी येत नसते हाच त्यांचा फायदा! आपल्याला येते ना, तिथेच घोळ होतो. दुचाकीवर आपण वळताना झुकतो, हँडल नुसतं नावाला वळवतो आणि हे सगळं आपल्या नकळत चालतं. तीन चाकी झुकतच नाही. मी सवयीने डावीकडे झुकलो आणि ती ढिम्म सरळ गेली, थेट कुंपणात. दुसऱ्यांदा हँडल जोरात वळवलं तर आतलं मागचं चाक उचललं गेलं आणि मी क्षणभर दुचाकीवर होतो, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध. वळताना अंग आतल्या बाजूला टाकायचं आणि वेग आधीच कमी करायचा, एवढं समजायला चार दिवस आणि एक शर्ट गेला.

रस्ता कडेला थोडा उतरता असतो हेही मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, ही सायकल मात्र त्या उताराबरोबर गुमान गटाराकडे निघते. आणि खड्डे! दुचाकीची एक रेघ असते, कारच्या दोन, तीन चाकीच्या तीन. पुढचं चाक वाचवलं की मागचं डावं जातं, ते वाचवलं की उजवं. रिक्षात मागे बसून आपण ड्रायव्हरला मनात जे काही बोलतो ते सगळं मी मनातल्या मनात परत घेतलं.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो की ही आयडिया मुळात कोणाची. तर १६५५ च्या सुमारास जर्मनीत श्टेफान फार्फलर नावाच्या घड्याळजीने, पायाने अधू होता तो, हाताने फिरवायची तीन चाकी खुर्ची स्वतःसाठी बनवली. हे वाचून मी कुरकुर थोडी कमी केली. मग १७६९ मध्ये फ्रान्सच्या क्यून्योने तोफा ओढायला वाफेची तीन चाकी गाडी केली, पुढच्या एकट्या चाकाच्याही पुढे भलामोठा बॉयलर लटकवलेला, आणि ती भिंतीवर आदळली अशी कथा सांगतात. कुंपणात गेलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही.

कार्ल बेंझची १८८६ ची पेटंटवाली मोटरही तीनच चाकांची, कारण पुढची दोन चाकं एकत्र नीट वळवायचं कोडं त्याला तेव्हा सुटलं नव्हतं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था त्याला न सांगता दोन पोरांना घेऊन तशाच तीन चाकी गाडीने १०० किलोमीटरच्या वर गेली, वाटेत तुंबलेली इंधनाची नळी हॅटच्या पिनेने साफ केली, चढावर पोरांनी गाडी ढकलली. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, आणि तुम्हाला फाटकाबाहेर काढायला दोन माणसं लागतात."

पुढे दोन चाकं आणि मागे एक, असंही असतं, इंग्लंडच्या मॉर्गनने १९०९ पासून तशाच गाड्या केल्या आणि ते जास्त शहाणपणाचं आहे, कारण वळताना ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि तिथे आधाराला दोन चाकं असतात. माझ्या सायकलवाल्यांना हे कोणी सांगितलं नसावं. आपली रिक्षा मात्र माझ्याच पंथातली. १९४८ मध्ये इटलीच्या पियाजिओने व्हेस्पा स्कूटरच्या मागे दोन चाकांचा हौदा जोडून 'आपे' काढली, व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. जगभरच्या निम्म्या गल्ल्यांत हिचीच भावंडं सामान, भाजी आणि माणसं वाहतात. त्यातली माणसं बहुतेक वेळा तिघांच्या जागेत पाच.

सगळ्यात जवळची वाटली ती १९६२ ची पील पी-५० नावाची चिमुकली मोटार. जेमतेम १३७ सेंटिमीटर लांब, तीन चाकं, रिव्हर्स गिअर नाहीच, मागे एक हँडल, उतरा आणि उचलून फिरवा. माझ्या सायकललाही रिव्हर्स नाही. एकदा गल्लीच्या टोकाशी मी तिला टोपलीसकट उचलून फिरवत होतो, तेव्हा दोन शाळकरी मुलं थांबून बघत होती. एक म्हणाला, "काका, धक्का देऊ?" दिला त्याने.

एक सुख मात्र कबूल केलं पाहिजे. सिग्नलला पाय टेकावा लागत नाही. बाकी सगळे एका पायावर तिरके उभे आणि आपण मध्ये दोन्ही पाय पेडलवर ठेवून, पाठ ताठ, सिंहासनावर बसल्यासारखे. तीन महिने मी तसा बसलो. मग चक्कर गेली, डॉक्टरांनी परवानगी दिली, मी जुनी सायकल पुसून, हवा भरून, शीळ घालत बाहेर काढली. वळणं मस्त झाली, झुकणं अंगात परत आलं, खड्डे चुकवले.

मग पहिला सिग्नल लागला आणि मी दोन्ही पाय पेडलवर ठेवून, पाठ ताठ करून, ऐटीत थांबलो.