एकच डिस्क घ्या, तीही टीव्हीच्या कडेला ठेवा

घरचे व्हिडिओ सांभाळायचेत आणि पैसेही घालवायचे नाहीत? मग माझं ऐका, गेल्याच महिन्यात यात डॉक्टरेट झालीये माझी.

सगळ्यात आधी शूटिंग फोरकेमध्येच करा. सेकंदाला १०० मेगाबिटने तासाला ४५ जीबी होतात, होऊ द्या. ते कुठे ठेवायचं याचा विचार कार्ड फुल झाल्यावर, भर गर्दीत उभं राहून करायचा.

मग एक मोठी डिस्क घ्या, चार टीबीची. एकच! दुसरी घ्यायची म्हणजे उधळपट्टी.

सहाशे रुपयात दोन टीबीचा पेनड्राईव्ह मिळाला तर तो तर सोडूच नका.

फोल्डरला नाव देऊ नका, 'न्यू फोल्डर ७' पुरे.

फुकटचं क्लाऊड आहेच की, १५ जीबी. त्यात जीमेलही आलं आणि बायकोला आलेले सगळे गुड मॉर्निंगही. पैसे भरून जागा वाढवलीत तरी १० मेगाबिट अपलोडवर एका तासाचं शूटिंग चढायला दहा तास लागतात, आणि नवव्या तासाला लाईट जाते.

आता मुख्य गोष्ट. कार्डावरून डिस्कवर टाकताना कॉपी नाही, कट-पेस्ट करायचं. रंगपंचमीला आमच्या अण्णांनी नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारला, वय वर्षे ६८, आई मागून "अहो गुडघा, अहो गुडघा" ओरडतेय आणि हे सरळ पिवळ्या पाण्यात! मित्राचा कॅमेरा मागून आणला होता मी, सगळं टिपलं. घरी येऊन ऐटीत कट-पेस्ट केलं, कार्ड मित्राला परत दिलं, त्याने दुसऱ्या दिवशी त्याच्यावर कुणाचीतरी हळद शूट केली. डिस्क टीव्हीच्या कडेला, वायर दारापर्यंत ताणलेली, चालू. भाचा आला पळत, पाय अडकला, डिस्क फरशीवर. आता लावली की आतून फक्त कट-कट, कट-कट. कट केलं ना, मग कटकट ऐका!

रिकव्हरीवाल्याकडे गेलो तर म्हणे साहेब हेड गेलंय, म्हणजे आतली वाचायची सुई, मुंबईला पाठवावी लागेल, पस्तीस हजार, आणि गॅरंटी नाही. पस्तीस हजार! डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट! वर हा गृहस्थ मलाच विचारतो, बॅकअप नव्हता का? अरे असता तर तुझ्या काउंटरवर कोपर टेकून उभा राहिलो असतो का मी? आणि नातेवाईक तर विचारूच नका, मावशी म्हणते तू ग्रुपवर टाकलेला ना, तोच घे की. तो बघितलाय का मावशी? व्हॉट्सॲपने इतका चेपलाय की एक पिवळा डाग पिवळ्या पाण्यात पडतो आणि दुसरे दहा डाग टाळ्या वाजवतात. अण्णा त्यातले कुठले, ते आईलाही ओळखता येत नाही.

जाऊ दे, आता सरळच सांगतो. चार टीबीची एक घेण्यापेक्षा दोन टीबीच्या दोन घ्या, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. कॉलेज रोडला दर शनिवारी हॉटेलात पैसे घालवता तेव्हा नाही विचार करत! कॉपी करा, दोन्हीवर, फाईल उघडून शेवटपर्यंत चालवून बघा आणि मगच कार्ड पुसा. एक डिस्क कपाटात, दुसरी सिडकोत बहिणीकडे नाहीतर सासुरवाडीला, पण घराबाहेर, कारण चोर आला तर दोन्ही एकाच पिशवीत नेईल. सहा महिन्यांनी लावून बघा, चालतात का. एवढंही जमत नसेल तर कॅमेरा हातात घेऊच नका.

अण्णा रोज विचारतायत, तो व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर कधी लावतोस. मी सांगितलंय, एडिटिंग चालूये.