आधी मुलाची उंची मोजा, मग पासचे पैसे भरा

गेले तीन दिवस संध्याकाळी ऑफिसमधून थेट मुलुंडला दादाकडे जातेय. दादा-वहिनी मे महिन्यात दोन्ही मुलं आणि आईला घेऊन ऑर्लँडोला डिस्नेवर्ल्डला चाललेत आणि घरात सध्या एकच विषय, लाइन टाळायचे पास कुठल्या राइडला घ्यायचे. दादाच्या ऑफिसमधला एकजण म्हणाला ट्रॉन ही रोलरकोस्टर सोडू नका, वहिनीची बहीण म्हणते आयुष्यात एकदा जाताय तर सगळ्यालाच घेऊन टाका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी कुठल्या राइडला किती तास लाइन असते त्याची यादी पाठवली तीच जेवणाच्या टेबलावर प्रिंट काढून ठेवलेली. मी ती यादी बाजूला केली आणि भाच्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, बूट घालून, पेन्सिलने खूण केली. १०९ सेंटिमीटर.

आता बघा, त्या एका खुणेने अर्धे प्रश्न सुटले. ट्रॉनला १२२ सेंटिमीटर लागतात, स्पेस माउंटनला ११२, म्हणजे दोन्ही गेल्या. सेव्हन ड्वार्फ्सच्या खाणीतल्या गाडीला ९७ लागतात, टियानाच्या पाण्याच्या राइडला १०२, त्या दोन्हीत तो बसतो. ज्या राइडच्या दारावरून साडेपाच वर्षांच्या पोराला परत फिरवणार आहेत तिचा पास पाच जणांना कशाला?

हे मी एवढं तळमळून सांगतेय कारण आमचं हेच झालंय. आमच्या पहिल्या परदेशी ट्रिपला टूरवाल्याने सरसकट सगळ्यांना एक्सप्रेस पास गळ्यात मारला, मुलाची उंची किती हे एका शब्दाने विचारलं नाही, आणि तिथे गेल्यावर कळलं की ज्या दोन राइडना खरी लाइन होती तिथे माझा मुलगा चार बोटं कमी पडतोय. बाकी ज्या लहानांच्या राइड होत्या तिथे पाच-दहा मिनिटांत तसाही नंबर लागत होता. त्या मोजपट्टीच्या बोर्डाखाली तो टाचा उंच करून उभा राहिला होता, तिथल्या मुलीने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवायला लावल्या. पैसे गेले त्याचं दुःख आठवड्यात विसरले, पण त्याचं ते तोंड मी अजून विसरले नाहीये. परवा वहिनी म्हणाली, अगं बुटात जाड सोल घालू का, तीनच सेंटिमीटरचा प्रश्न आहे. मी साफ नाही म्हटलं. तो लोखंडी बार कुठल्या मापाच्या शरीराला धरून ठेवू शकतो त्यावरून ती उंची ठरलेली असते, तिथे ढकलाढकली करायची नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लाइन किती लांब आहे हे बघून काही कळत नाही, लाइन सरकते कशी ते बघायचं. मुंबईतल्या माणसाला हे शिकवायला नको खरं तर. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या लाइनीत पंधरा माणसं असतील तरी जीव मेटाकुटीला येतो कारण एका रिक्षेत तीन माणसं जातात आणि पुढची रिक्षा कधी येईल त्याचा पत्ता नसतो, आणि शेजारी बेस्टच्या स्टॉपवर चाळीस माणसं उभी असली तरी बस आली की एका दमात स्टॉप रिकामा. पार्कातही शेअर रिक्षा कुठली आणि बस कुठली एवढंच ओळखायचं असतं.

डिस्नेवर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कात पीटर पॅनची राइड ही पक्की शेअर रिक्षा. वरच्या रुळाला टांगलेली छोटी जहाजं, एकेकात दोन-तीन माणसं, राइड जेमतेम तीन मिनिटांची, १९७१ पासूनची जुनी, आणि उंचीची अट नाही म्हणजे तान्ह्या बाळापासून सगळे त्याच लाइनीत. त्याच्या अगदी समोर स्मॉल वर्ल्ड आहे, तिथे मोठ्या बोटी एकामागून एक लागतात, ती झाली बस. पायरेट्ससुद्धा बोटीच. हाँटेड मॅन्शन या भुतांच्या घराला तर गाड्यांची साखळी थांबतच नाही, सरकत्या जिन्यासारखी चालूच असते, लाइन बाहेरपर्यंत आलेली दिसली तरी आपण चालतच राहतो. म्हणून माझं मत ठाम आहे, लहान मूल बरोबर असेल तर पहिला पास पीटर पॅनला. त्यात थ्रिल काय आहे असं लोक म्हणतात, पण पास थ्रिलसाठी नसतोच, तो त्या न सरकणाऱ्या लाइनीसाठी असतो. आणि आईच्या कडेवर बसून रात्रीच्या लंडनवरून उडत जाणाऱ्या पोराला थ्रिल नाही हे कुणी ठरवलं? जंगल क्रूझलाही बोटी आहेत पण ती लाइन फार रेंगाळते, मी ती शेअर रिक्षातच धरते. डंबोला, म्हणजे उडत्या हत्तींच्या राइडला, मात्र पास घालवू नका, २०१२ मध्ये त्यांनी हत्तींची चक्रं दोन केली आणि आत मुलांना खेळायला जागा केली, पोरं तिथून निघायला तयार नसतात.

पासचं गणित पण नीट समजून घ्या कारण जुने अनुभव आता लागू नाहीत. १९९९ पासून फास्टपास नावाची सोय होती, फुकट होती, ती बंद होऊन २०२१ मध्ये पैसे देऊन जीनी प्लस आलं आणि २०२४ च्या जुलैपासून लाइटनिंग लेन मल्टी पास आणि सिंगल पास अशी नावं आली. मल्टीमध्ये आधीच तीन राइड निवडता येतात, पण मोठ्या मागणीच्या गटातली एकच, आणि पीटर पॅन, जंगल क्रूझ, टियाना, स्पेस माउंटन हे सगळे त्याच गटात. म्हणजे ती एक निवड म्हणजे सगळा खेळ. त्यातली पहिली राइड वापरली की पुढची एकेक घेता येते, तेव्हा गटाची अडचण राहत नाही, म्हणून पहिली वेळ जितकी सकाळची तितकं बरं. ट्रॉन आणि सेव्हन ड्वार्फ्स सिंगलमध्ये, त्यांचे पैसे वेगळे, आणि दर तारखेप्रमाणे बदलतात. तीन वर्षांखालच्या मुलाला ना तिकीट लागतं ना पास, कुणी मोजून पैसे घ्यायला लागला तर देऊ नका.

सिंगल पास घरातल्या सगळ्यांना घ्यायची सक्ती नाही हे कुणी सांगतच नाही. भाची चौदा वर्षांची, तिला ट्रॉन हवंय, आणि ते तिला मिळालंच पाहिजे, धाकट्याच्या उंचीपायी मोठीने दरवेळी मन का मारायचं? पण दोनच पास, तिला आणि दादाला. तेवढ्यात वहिनीने धाकट्याला घेऊन शेजारच्या पीपलमूव्हरमध्ये, म्हणजे उंचावरून सावकाश फिरवून आणणाऱ्या गाडीत बसायचं, तिथे पासच नसतो. आणि रायडर स्विच आहे, फुकट, एक मोठा माणूस लहानग्याजवळ थांबतो आणि पहिल्याची फेरी झाली की परत लाइन न लावता तो जातो. सेव्हन ड्वार्फ्सचा पास मात्र सगळ्यांना घ्या म्हटलं, कारण ती अशी राइड आहे की त्यात पाचही जणं एकत्र बसू शकतात आणि भाच्यासाठी ती खरीखुरी रोलरकोस्टर. लोक म्हणतात पार्क उघडताना धावत जा, पैसे वाचतील. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करा, पण बरोबर ६८ वर्षांची, गुडघे दुखणारी बाई असताना सकाळी सकाळी गर्दीत धावायचं नाही.

आईबद्दल तर कुणी विचारच केला नव्हता. पीटर पॅनच्या जहाजात चढताना सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवावा लागतो, आणि आमची आई दादर स्टेशनला सरकता जिना चालू असला की शेजारच्या जिन्याने पायऱ्या मोजत चढते. मी तिला स्पष्ट विचारलं, ती म्हणाली मला नको गं, मी बाहेर बसते. मग तिचा पास कशाला काढायचा? पण मग तिला स्मॉल वर्ल्डमध्ये सगळ्यांनी बरोबर न्यायचं, बोटीत, हे मी वहिनीकडून कबूल करून घेतलंय.

लहानपणी मार्वेच्या जेट्टीवरून होडीने एस्सेलवर्ल्डला जायचो तेव्हा सगळ्यांना एकच लाइन होती, पप्पा आमच्या जागी उभे राहायचे आणि आम्ही सावलीत डबा खायचो. आता ते चालत नाही, आणि चौदा हजारच्या आसपास किलोमीटर उडून जाऊन दिवसातले चार तास उन्हात उभं राहणं मलाही परवडलं नसतं, म्हणून पास घ्यायला माझा विरोध नाहीये. फक्त कुणाच्या पायांसाठी घेतोय ते आधी ठरवा.

डिस्नेच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी पासचं बुकिंग मिळतं, बाकीच्यांना पार्कात जायच्या तीन दिवस आधी. बुकिंग तिथल्या सकाळी सातला उघडतं, म्हणजे मेमध्ये आपले दुपारचे साडेचार. दादाचं चेक-इन १२ मेला आहे, म्हणून मी ५ मेला हाफ डे टाकलाय. वहिनीच्या हातात फोन, माझ्या हातात कागद, पहिलं पीटर पॅन सकाळी दहाच्या आत. ते मिळालं तर दुपारी आई आणि भाच्याला हॉटेलवर नेऊन दोन तास झोपवता येईल आणि संध्याकाळी परत यायला दोघंही ताजे असतील.