क्रूझर विकत कशाला घेताय? मागून आणा की!

क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून आरामात बसायची मोटारसायकल, फिरवायची हौस आहे ना? मग शोरूमकडे फिरकू नका. हप्ते, विमा, सर्व्हिसिंग हे रिकामटेकड्यांचे उद्योग. आपण फक्त एक मावसभाऊ हेरून ठेवायचा, ज्याने तीन वर्षं पैसे साठवून रॉयल एनफिल्डची मिटिऑर घेतलीय आणि जो रविवारी सकाळी जुन्या बनियनने टाकी पुसत बसतो. (असा एक शहाणा जुळे सोलापुरात राहतो. पत्ता देणार नाही, आधीच रांग आहे.)

गाडी मागताना त्याच्याशी बोलायचंच नाही. त्याच्या आईला गाठायचं. "मावशी, दादाला सांग की, एकच दिवस." चावी तुमची.

टाकी 15 लिटरची. परत देताना पंपापर्यंत पोचेल एवढं ठेवलंत तरी तुम्ही दिलदार.

हेल्मेट आरशाला अडकवा. रीलमध्ये केस दिसायला नकोत?

चालवायला वेगळं शिकायची गरज नाही. सीट खाली, पाय पुढे, हात सैल, म्हणजे आरामखुर्चीच. आता पाय पुढे असल्याने खड्ड्यात फूटरेस्टवर उठता येत नाही आणि दणका थेट माकडहाडात जातो, पण सोलापूरकराला त्याचं काय! नवी पेठेत गर्दीत वळवायला जाल तेव्हा मात्र लांबुडकी गाडी एका दमात वळायची नाही. मग पाय टेकाल, 191 किलो एका पायावर पेलायचे नाहीत, गाडी आडवी. घाबरू नका, लेगगार्ड घासायलाच असतो. घरी सांगायचं, "उभी होती, कुणीतरी धक्का मारून गेलं."

सिद्धेश्वर तलावापाशी फोटो काढताना सीटवर बुटांसकट उभे राहा.

आता मुख्य गोष्ट, मॉडिफिकेशन. गाडी परक्याची असली तरी आवड आपलीच चालवायची. परवा माझी गाडी (हो, तो बनियनवाला शहाणा मीच) मावसभावाबरोबर तुळजापूरला गेली. 45 किलोमीटरला दोन दिवस का लागतात, हे विचारायचं नसतं. रविवारी रात्री साडेअकराला ती परत आली, हे अख्ख्या गल्लीला कळलं. वरच्या मजल्यावरचं दोन महिन्यांचं बाळ उठलं, मग कुत्री उठली, मग बाबा उठले. खाली जाऊन बघतो तर इंजिनापासून मागपर्यंत कंपनीचं सगळं काढून एक चकचकीत सरळ पाईप! "दादा, सरप्राईज! तुझ्या गाडीला आवाजच नव्हता की."

अरे, आवाज नव्हता म्हणूनच घेतली होती मी! जे 'डबडं' काढून फेकलंस, त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला नव्या पाईपमध्ये जागाच नाही, म्हणून तो वायरीसकट फ्रेमला काळ्या टेपने गुंडाळून ठेवलाय, मोडलेल्या बोटाला पट्टी बांधावी तसा. मीटरवर इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा जळतोय, तर हा म्हणतो, "लै भारी दिसतोय." मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली असल्या बेकायदा फेरफाराला, दर फेरफारामागे, 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कुणाला? गाडीमालकाला! पाईप लावणारा मोकळा, बसवून घेणारा मोकळा, आणि बनियनने टाकी पुसणारा आत.

सोमवारी मोबाइलवर ई-चलन आलं. विनाहेल्मेट, ट्रिपल सीट. फोटो मोठा करून बघितला, मधला माझंच जर्किन घालून बसलाय.

बास झाली गंमत. सरळ सांगतो. तुमच्यासारख्यांना गाडी नको असते, माज हवा असतो, तोही दुसऱ्याच्या हप्त्यावर. पाईपमधून फटाके फोडत सिव्हिल हॉस्पिटलवरून जाताना आत कुणी झोपलं असेल, एवढं डोक्यात येत नाही? आणि तुझं तर लायसनही अजून लर्निंगच आहे, हे मला चलन आल्यावर कळतं! लाज वाटली पाहिजे. तू पडला असतास तर मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, काय तोंड दाखवलं असतं मी?

आणि कंपनीचा सायलेन्सर कुठाय? भंगार म्हणून गॅरेजमध्येच ठेवून आलास, वर पाईपचे साडेतीन हजार मलाच मागतोस? आज संध्याकाळी तो आणून दे, तुझ्या खर्चाने बसवून दे. माझ्या आईला मस्का लावायला येऊ नकोस. चावी आता झोपतानाही माझ्याच खिशात असते.